मेरूची अर्धी प्रदक्षिणा

मेरूचा कान बाविसाव्या मजल्यावर होता.

तशी ती साधीच खोली. दोन टेबलं, दोन खुर्च्या, कोपऱ्यात पाण्याचा माठ आणि दारावर ‘श्रवणकक्ष’ अशी पाटी. पण शिवडीच्या किनाऱ्यावरच्या त्या शहाण्णव मजली मनोऱ्यात राहणारी आणि कामाला येणारी बारा-तेरा हजार माणसं तिला कानच म्हणायची. आज कानात कोण बसलंय, असं लिफ्टमध्ये एकमेकांना विचारायची आणि मंजुषा खानोलकर बसल्यात असं कळलं की जरा सैलावायची. मंजुषाताई सत्तावन्न वर्षांच्या. उमेदीची सगळी वर्षं पुलांचे आणि इमारतींचे खांब तपासण्यात गेलेली. बोलणं इतकं हळू की समोरच्याला पुढे वाकून ऐकावं लागे. ऐकणं मात्र पक्कं.

नोव्हेंबरातला सोमवार होता. ताईंचा उपास. सकाळपासून दोन कप चहा आणि एक केळं एवढ्यावर दिवस गेला होता आणि पाळी संपायला तास उरला होता. सहा वाजून पाच मिनिटांनी समोरच्या पडद्यावर पिवळी पट्टी उमटली: ‘सत्तावन्नावा मजला. एक व्यक्ती. अठरा मिनिटांत निर्णय द्या.’

ताईंनी कानाला यंत्र लावलं आणि डोळे मिटले.

इथे जरा मागे जायला हवं, नाहीतर एवढ्याशा पट्टीला अठरा मिनिटांची घाई कशाला, हे कळायचं नाही.

उंच जागेची ओढ माणसाला फार जुनी. डोंगर दिसला की त्याच्या माथ्यावर देऊळ बांधायचं आणि देवळावर पुन्हा कळस चढवायचा. न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट, क्वालालंपूरचे जुळे मनोरे, दुबईचा आठशे मीटरच्याही वर गेलेला बुर्ज खलिफा, या ठिकाणी जगभरची माणसं रांगा लावून गेली ती वर उभं राहून एकदा खाली बघता यावं म्हणून. मेरूतही तेच. पन्नासाव्या मजल्यापुढे शिवडीची खाडी पायाशी येते. थंडीत उतरलेले रोहित पक्षी वरून असे दिसतात, जसा रांगोळीतला गुलाबी रंग हातून निसटून चिखलावर सांडलाय. तिथे राहणाऱ्यांना खाली उतरायला नको वाटतं.

पण जी गोष्ट दुरून दिसते, ती ज्याला पाडायची आहे त्यालाही दुरूनच दिसते. दोन हजार एक साली न्यूयॉर्कचे दोन मनोरे विमानं आदळवून पाडले गेले, तेव्हा उंच इमारतीचं मर्म कुठे असतं ते जगाला कळलं. इमारतीच्या मधोमध एक गाभा असतो. लिफ्ट, जिने, पाण्याचे नळ, विजेच्या तारा, सगळं त्याच्या पोटात. उत्तरेकडच्या मनोऱ्यातले तिन्ही जिने एका घावात तुटले आणि वर अडकलेल्यांना उतरायला वाटच उरली नाही. आगीने पोलाद तापलं, त्यातला जोर ओसरला आणि मनोरा जागच्या जागी खाली बसला. त्यानंतर गाभे जाड काँक्रीटचे झाले. दर काही मजल्यांनी एक मजला मोकळा सोडायची पद्धत आपल्याकडेही होतीच, ती अधिक काटेकोर झाली. भिंती नाहीत, बिऱ्हाडं नाहीत, वारा आरपार. आग लागली तर माणसांनी तिथे येऊन थांबायचं. त्याला आश्रय-मजला म्हणतात. मेरूतला सत्तावन्नावा त्यांतलाच.

मग घाव घालणारेही शहाणे झाले. मेरू उभा राहत होता त्याच सुमारास पूर्वेकडच्या एका बंदरशहरात एक माणूस पाच महिने, आठवड्यातून एकदा, एका मनोऱ्यात जात राहिला. अंगावरचा भार दर वेळी थोडासा वाढवलेला. पहारेकऱ्यांना सवय झाली, यंत्रांनाही झाली. शेवटच्या दिवशी तो गाभ्याला टेकून उभा राहिला आणि अंगावरची स्फोटक दारू उडवली. त्या दिवसानंतर जगभर उंच घरं ओस पडायला लागली. मेरूतली निम्मी घरं विकायला निघाली होती.

माणसांना परत आणलं ते काचेच्या तंतूंनी. केसाएवढे तंतू, मेरूच्या प्रत्येक मजल्याच्या काँक्रीटमध्ये विणलेले. त्यांतून प्रकाशाचे ठोके अखंड पाठवले जातात. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात सूक्ष्म डाग असतात आणि प्रत्येक डागावरून किंचित प्रकाश माघारी फिरतो. जमिनीवर पाऊल पडलं की काँक्रीट कणभर दबतं, तंतू कणभर ताणतो आणि माघारी येणारा प्रकाश बदलून येतो. तो किती वेळाने आला यावरून पाऊल कुठे पडलं ते हातभर अंतरापर्यंत कळतं. किती बदलला यावरून वजन कळतं. टाच आणि चवडा कसा टेकला यावरून ते वजन पाठीवर आहे, हातात आहे की पोटाशी, तेही कळतं. इमारतीच्या अंगावर जणू कातडीच आली.

रहिवाशांनी कॅमेऱ्यांना नकार दिला होता. डोळे नकोत, कान चालतील, असा ठराव झाला. म्हणून पावलांना नावं नव्हती, नुसते क्रमांक. कायद्याने शेवटचा शब्द माणसाचा ठेवला होता. यंत्राने पट्टी दाखवली की श्रोत्याने तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची. का चालतो? का थांबतो? काय वाहतो? तिन्ही पटली तर ‘निर्धोक’. मुदतीत उत्तर आलं नाही तर धोका आहे असं धरून मजल्याची दारं बंद होत आणि छतातून ध्वनीचा मारा होई. त्याने जीव जात नाही. तोल जातो. माणूस उभ्याचा आडवा होतो आणि मग पहारेकरी पोचतात. मेरूत हा मारा आजवर फक्त चाचणीत झाला होता. तो सोसलेला पहारेकरी आठ दिवस भिंत धरून चालायचा.

तर मंजुषाताई डोळे मिटून ऐकत होत्या.

अनवाणी पावलं. स्त्रीची. पडद्यावर यंत्राचं टिपण सरकत होतं आणि शेजारच्या खुर्चीवरून नेल्सन डाबरे ते वाचून दाखवत होता. नेल्सन वसईचा, आधी अग्निशमन दलात होता, ताईंपेक्षा दहा वर्षांनी लहान. चौदा आठवडे, दर सोमवारी, याच वेळी. पादत्राणं नाहीत: ओळख लपवण्यासाठी. गाभ्याभोवती चाल. उत्तरेला जिथे आग विझवण्याच्या पाण्याचा मोठा नळ गाभ्यातून बाहेर येतो तिथे थांबा, मग माघार. पुन्हा उलट्या बाजूने त्याच नळापर्यंत, पुन्हा माघार. नळ एकदाही ओलांडलेला नाही: लक्ष्याची पाहणी. वजनवाढ चौदा आठवड्यांत पाच किलो, पोटाशी, हळूहळू: सवय लावण्याचा प्रकार. धोका एक्याण्णव टक्के.

“ताई, हे त्या बंदरासारखंच आहे,” नेल्सन म्हणाला. त्याचा हात पहारेकऱ्यांच्या कळीकडे गेला होता.

ताईंनी बोट वर करून त्याला थांबवलं. पावलं पुन्हा नळाशी आली. थांबली. तिथे दोन्ही पावलांवर वजन सारखं आलं आणि क्षणभर पुढे झुकलं. मग वळली. यंत्राला जे पाहणी वाटत होतं, ते ताईंना डोळे मिटून दिसलं. जोडलेले हात, वाकलेली मान.

शंकराच्या देवळात पूर्ण फेरी घालत नाहीत. पिंडीवरचं पाणी उत्तरेच्या ज्या पन्हळीतून बाहेर पडतं ते सोमसूत्र. ते ओलांडायचं नाही. तिथवर जायचं, नमस्कार करायचा, माघारी फिरायचं, उलट बाजूने पुन्हा तिथवर. ताई लहानपणापासून अशाच चालत आल्या होत्या. कोणीतरी मेरूच्या गाभ्याला गाभारा धरलं होतं आणि आगीच्या नळाला पन्हळ. देवळात जाता येत नसेल, किंवा कोणाला दिसायला नको असेल.

त्यांना हसू आलं. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली होती. नेल्सनला त्या तसं सांगणार, तेवढ्यात पावलांनी वळण घेतलं आणि डावा पाय टेकताना किंचित ओढला गेला. टेकण्याआधी जमीन चाचपावी तसा.

ते हसू तिथेच थांबलं.

तो पाय त्यांच्या घरात दोन वर्षं फिरला होता. स्वयंपाकघरातून गॅलरीत, गॅलरीतून न्हाणीत. स्कूटरवरून पडून घोट्याला मोडलेला, नीट बसला तरी ओढ राहून गेलेली. त्यांची सून अन्विता. मेरूत एकोणसाठाव्या मजल्यावर राहायची, अनिशबरोबर. अनिश ताईंचा एकुलता एक मुलगा.

आणि मग तिसऱ्या प्रश्नाचं उत्तरही समोर आलं, न शोधता. पाच किलो. पोटाशी. हळूहळू.

यंत्राला हे सुचलं नव्हतं, यात त्याचा दोष नव्हता. मेरूत पोटुशी बाई तशी नोंद करते. नोंद केली की लिफ्टमध्ये पहिला मान मिळतो आणि मजल्याच्या समितीकडून अभिनंदनाचा निरोप येतो. न नोंदवलेलं पोट यंत्राच्या शिकवणीत आलंच नव्हतं. पाचवा महिना लागला तरी बाई कोणाला सांगत नाही, सैल कपडे घालते, आणि चोरओटीसुद्धा कोणी भरू नये म्हणून दडून राहते, हे त्याला कोण शिकवणार?

ती कोणापासून दडत होती, तेही ताईंना ठाऊक होतं.

तीन वर्षांपूर्वी दुसरा महिना सरताना अन्विताने त्यांना सांगितलं होतं, फक्त त्यांना. ताईंना इतका आनंद झाला की तो त्यांच्या तोंडात मावला नाही. जावेला सांगितलं, बहिणीला सांगितलं, गोव्याच्या मावशीला फोन केला. तिसऱ्या महिन्यात घरातल्या घरात चोरओटी भरायची म्हणून चौदा बायका बोलावल्या. चोरओटीला चौदा बायका. दहाव्या दिवशी सगळं संपलं. मग त्याच चौदा जणी एकेक करून भेटायला आल्या, आणि अन्विता प्रत्येकीसमोर बसली. पुढच्या वर्षी पुन्हा तसंच. त्या वेळी ताईंनी फक्त जावेला सांगितलं होतं. सामान मेरूत हलवायच्या दिवशी अन्विता शांतपणे म्हणाली होती, “आई, तुम्ही सांगितलंत म्हणून गेलं, असं मी म्हणत नाही. पण मला रडायलासुद्धा घरात जागा उरली नाही.”

त्याला दीड वर्ष झालं होतं. अनिशचा रविवारी फोन यायचा. एकाच इमारतीत सदतीस मजल्यांच्या अंतरावर काम करून ताई त्यांच्या घरी तीनदा गेल्या होत्या, बोलावल्यावर.

“अकरा मिनिटं,” नेल्सन म्हणाला.

ताईंनी कानाचं यंत्र काढलं आणि नियमाप्रमाणे जे आधी सांगायचं ते सांगितलं. चालणारी ओळखीची आहे, त्यामुळे मला निर्णय देता येणार नाही, तो तुझ्याकडे. नेल्सनने खुर्ची वळवली. मग त्यांनी त्याला सोमसूत्र समजावलं. त्याने ते नीट ऐकून घेतलं. त्यांच्या चर्चच्या सणालाही मिरवणूक ठरलेल्या वळणावरून माघारी फिरते, म्हणाला, ते पटतं. पण वजन?

 ताई एक शब्द बोलल्या की काम होणार होतं. तो शब्द टिपणात जाणार, टिपण आज रात्रीच्या आत समितीच्या नऊ जणांकडे जाणार, त्यांतल्या दोघी एकोणसाठाव्या मजल्यावरच्या. उद्या सकाळी अन्विताच्या दारावर अभिनंदनाचा निरोप. पुन्हा एकदा, पुन्हा मंजुषा खानोलकरांच्याच तोंडून.

आणि नाही बोललं तर दहा मिनिटांनी छतातून तो मारा. खाली काँक्रीट. ओढत्या घोट्याची, उपाशी, पाचव्या महिन्यातली पोर.

“माहीत आहे तुम्हाला,” नेल्सन म्हणाला.

“माहीत आहे. पण ते माझं नाही सांगायला.”

“ताई, मला दोन उत्तरं पुरली असती. यंत्राला तीन लागतात.”

फोनचा प्रश्न नव्हता. कानात फोन आणता येत नसे, आणि व्रताला उभी राहिलेली बाई फोन बरोबर घेत नाही. ताई उठल्या. नियमावलीत अकरावं कलम होतं, समक्ष पडताळणीचं. श्रोता स्वतः मजल्यावर जाऊन पाहू शकतो, आणि तो तिथे असेपर्यंत ध्वनीचा मारा होत नाही. कलम लिहिताना ताईंनीच आग्रह धरला होता. बाकीचे हसले होते, की पोटाशी दारू बांधलेल्या माणसाला जवळून बघायला कोण जाणार. आजवर कोणी गेलं नव्हतं.

नेल्सनने विचारलं, खात्री आहे ना? ओळखीचं माणूसही कधी कधी ओळखीचं नसतं, बंदरातल्या त्या माणसालाही आई होती. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि ते ताईंना लिफ्टमध्येही सोबत करत राहिलं. पावलाची ओढ म्हणजे काही पुरावा नव्हे. दुसऱ्या कोणाचा घोटा मोडलेला असू शकतो. सोमसूत्राची माहिती पुस्तकातही मिळते. बावीस ते सत्तावन्न, बत्तीस सेकंद. आकडे भराभर वर जात होते आणि ताई नेहमीच्या सवयीने मनात नाम घेत होत्या, पण आज ते नीट ओठांवर येत नव्हतं.

दार उघडलं. वारा एकदम अंगावर आला, खारा, गार. मावळतीचा उजेड मजल्यावर आडवा पसरला होता. समोर गाभ्याची करडी भिंत, देवळाच्या पाठीमागच्या भिंतीसारखी कोरी. ताईंनी चपला लिफ्टपाशी काढून ठेवल्या.

अन्विता पश्चिमेच्या कोपऱ्यावरून वळून आली आणि त्यांना बघून जागच्या जागी थांबली. अंगात ढगळ सुती कुडता, ओढणी पुढून घेतलेली, कपाळाला भस्माचं बोट. तिचा हात आपोआप ओढणीवर गेला. मग तो तिने खाली सोडला, काहीच नाही असा.

ताईंनी तिच्या पायांकडे पाहिलं. फक्त पायांकडे.

“किती झाल्या?” त्यांनी विचारलं.

“सात. अकरा घालते.”

“चल मग. मी मागे आहे.”

अन्विता चालायला लागली. ताई तिच्यामागून, दोन हात अंतर ठेवून. चालता चालता त्यांनी मनगटावरच्या पट्टीवर बोटाने लिहायला घेतलं. का चालते: सोमवारची प्रदक्षिणा. का थांबते: नळाला सोमसूत्र मानून. तिसऱ्या रकान्यापाशी बोट अडलं. नळ आला. अन्विता थांबली, हात जोडले, वळली. वळताना वारा अंगावर घेऊन ती क्षणभर ताईंच्या समोर आली, आणि त्या क्षणात बघायचं नाही म्हटलं तरी दिसलंच. ताईंनी नजर खाली घेतली आणि लिहिलं: समक्ष पाहिलं. वजन तिचं स्वतःचं आहे.

त्यात खोटं काही नव्हतं.

बाविसाव्या मजल्यावर नेल्सन ते वाक्य किती वेळ वाचत बसला ते त्यालाच माहीत. त्याला तीन मुली. सहा वाजून एकवीस मिनिटांनी ताईंच्या मनगटावर हिरवा ठिपका उमटला.

 फेरी मध्येच सोडायची नसते, म्हणून त्या भिंतीला हात लावून चालत राहिल्या. काँक्रीट दिवसभराच्या उन्हाने अजून कोमट होतं.

नवव्या फेरीला अन्विता पुढे बघतच बोलली. म्हणाली, खालच्या देवळात जायचं तर ओळखीचं कोणी ना कोणी भेटतं. इथे दगड नाही, झाड नाही, म्हटलं हा गाभा तरी आहे. अंबरनाथच्या देवळात ताईंनी तिला सोमसूत्र दाखवलं होतं, लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात. तेव्हा ती हसली होती. देवाच्या घरातसुद्धा सांडपाण्याची एवढी चिंता, असं म्हणाली होती.

“नळ ओलांडला नाहीस, हे बरं केलंस,” ताई म्हणाल्या.

अन्विताला हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी त्यांनी ते ऐकलं होतं. अकरावी फेरी संपली तेव्हा समुद्रावरच्या लांब पुलाचे दिवे लागले होते. ती लिफ्टच्या दाराशी उभी राहिली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, आणि म्हणाली, “आई, तुम्हाला कळलंय का?”

“काय?”

अन्विता त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. तिला सगळं हवं होतं आणि काहीच नको होतं. ताईंना तिच्या पोटावर हात ठेवावासा वाटत होता. पाठीवरून फिरवावासा वाटत होता. विचारावंसं वाटत होतं, उलट्या होतात का, काय खावंसं वाटतं, डॉक्टर कोण आहेत, पाचवा ना. हे सगळे प्रश्न त्यांच्या जिभेवर आले आणि त्यांनी ते एकेक करून गिळले.

“मला काय कळायचंय,” त्या म्हणाल्या. “मी आपली प्रदक्षिणेला आले होते.”

अन्विताचे डोळे भरून आले. तिने खाली वाकून त्यांच्या चपला उचलायला हात पुढे केला, तेव्हा मात्र ताईंनी घाईने स्वतःच त्या पायात सरकवल्या. वाकू नकोस, असं त्या म्हणाल्या नाहीत.

गुरुवारी चौकशी झाली. सुरक्षाप्रमुख कारखानीस सभ्य माणूस, त्यांनी ताईंना आधी चहा दिला. ओळखीच्या व्यक्तीची पडताळणी स्वतः करणं नियमात बसत नव्हतं, आणि तिसरं उत्तर त्यांना उत्तर वाटत नव्हतं. वजन स्वतःचं म्हणजे काय, असं त्यांनी तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारलं. ताईंनी तिन्ही वेळा तेच वाक्य परत सांगितलं. कारखानीसांनी शेवटी वही मिटली आणि म्हणाले, ठीक आहे, निदान एवढं तरी करू. ही अर्धी प्रदक्षिणा यंत्राला शिकवून टाकू. म्हणजे पुन्हा कोणा भाविकावर ही वेळ यायला नको. देशभरच्या मनोऱ्यांत एका रात्रीत पोचेल.

ताईंना ते मोहाचं वाटलं. सोळा सोमवारांतले उरलेले दोन अन्विताला निर्धास्त चालता आलं असतं. पण तीस वर्षं खांब तपासलेली बाई लगेच हो म्हणेना.

“नका शिकवू,” त्या म्हणाल्या. “यंत्राला जे माफ, ते उद्या सगळ्यांना ठाऊक होतं. मग पोटाशी दारू बांधलेला माणूसही नळापाशी हात जोडून वळेल.”

कारखानीस पुढे वाकले. एक तर आवाज हळू, आणि बोलणं त्यांना हवं तसं नव्हतं. मग करायचं काय, त्यांनी विचारलं.

“कोणीतरी उठायचं आणि जाऊन बघायचं.”

“दर वेळी?”

“दर वेळी.”

त्यांनी ते लिहून घेतलं. निर्णय मात्र बदलला नाही. ताईंचं कार्ड काढून घेतलं, श्रवणकक्षातलं नाव पुसलं. नेल्सन दारापर्यंत सोडायला आला. त्याने सांगितलं की बुधवारी पुन्हा पिवळी पट्टी आली होती, एकाहत्तराव्या मजल्यावर, भार पाठीवर, जिन्यात थांबत थांबत. तो स्वतः गेला. एक गृहस्थ जुन्या कपाटाचं दार पाठीला बांधून चढत होते, लिफ्टमध्ये मावेना म्हणून. दोघांनी मिळून ते वर पोचवलं. पायऱ्या चढताना पाय थरथरत होते म्हणाला, गृहस्थांचे नव्हे, माझे.

सोमवारी ताईंना पहिल्यांदाच दुपारी काही काम नव्हतं. चेंबूरच्या घरी त्या गॅलरीत बसून वाती वळत होत्या. समोर फोन उभा करून ठेवलेला, त्यात जाऊ बोलत होत्या, पुण्याहून. नोकरी गेल्याचं त्यांना अनिशकडून कळलं होतं आणि त्यांना सविस्तर हवं होतं. ताईंनी नियमाचं काहीतरी सांगितलं. जावेचं समाधान झालं नाही. मग त्यांनी आपला नेहमीचा प्रश्न काढला, सूनबाई कशी आहे, तिकडे काही विशेष?

त्याच वेळी पडद्यावर वरून एक निरोप घसरत आला. मेरूचा पाहुण्यांचा परवाना. नाव: मंजुषा खानोलकर. बोलावणारी: अन्विता खानोलकर. मजला: सत्तावन्न. वेळ: सायंकाळी सहा. त्याखाली, येण्याचं कारण लिहायला एक छोटा रकाना होता. बहुतेक लोक तिथे ‘भेट’ किंवा ‘जेवण’ लिहितात. अन्विताने लिहिलं होतं: सोबत.

“अगं, विचारतेय मी,” जाऊ म्हणाल्या. “काही विशेष?”

ताईंनी वात तळहातावर फिरवून पुरी केली.

“विशेष काही नाही,” त्या म्हणाल्या. “वर वारा फार छान असतो.”